प्रसादातल्या लाल कॅप्सूल

डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला, खाली घेतला, पुन्हा धरला, आणि माझ्याकडे न बघताच विचारलं, "दवा कब छोड़ी इन्होंने?"

"सोडलीच नाही," मी म्हटलं. घाबरले की माझं हिंदी पळून जातं. मग सावरून म्हटलं, "एक दिन भी नहीं छोड़ी, डॉक्टर साहब."

"तो फिर ये क्या है?"

त्यांचं बोट होतं तिथे, उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात, एक काळं वर्तुळ दिसत होतं. त्याला त्यांनी कॅव्हिटी म्हटलं, म्हणजे फुप्फुसात पडलेली पोकळी. आणि एकंदर प्रकाराला रिलॅप्स, म्हणजे बरा होत आलेला रोग उलटणं. आमचे हे शेजारच्या स्टुलावर मांडीवर डबा घेऊन बसले होते, जसं काही दुसऱ्याच कुणाबद्दल बोलणं चाललंय. मला एकदम संताप आला. कुणाचा, ते तेव्हा कळलं नव्हतं.

हे सगळं लिहायचं कारण असं की माताजींच्या आश्रमाचं नाव निघालं की लोक अजून मला म्हणतात, "बाई, तुमच्याकडे तर चमत्कार झाला होता ना?" प्रत्येकाला उभ्या उभ्या सांगून मी थकले. शिवाय तुमच्या घरात कुणाला टीबी निघाला असेल, तर आमच्यासारखा घोळ तुम्ही घालू नये.

मी छत्रीबागेत राहते, हिंदी मुलखातल्या एका मिलांच्या शहरात. तेव्हा एका मराठी प्राथमिक शाळेत शिकवत होते, जिथे दरवर्षी मुलं कमी आणि बाकं जास्त व्हायला लागली होती. हे मिलमध्ये जॉबर होते, म्हणजे मागांच्या एका रांगेवर देखरेख करणारे. मिलमध्ये आधी एक पाळी बंद झाली, मग दुसरी, मग गेटला कुलूप लागलं. पेपरात रोज नव्या आर्थिक नीतीचं कौतुक छापून येई, परदेशी कंपन्या येणार, सगळं बदलणार. राजवाड्याच्या बाजूला रंगीत टीव्हीची नवी दुकानं थाटली जात होती. आणि आमचे हे रोज सकाळी डबा घेऊन बंद मिलच्या गेटवर जात होते. तिथे कडुलिंबाच्या झाडाखाली त्यांच्या खात्यातले लोक बसायचे, मिलच्या खटल्याचं कोर्टात काय झालं ते एकमेकांना विचारायचे, पत्ते खेळायचे आणि खोकायचे.

खोकला मिलवाल्यांना असतोच, कापसाचा तंतू छातीत जातो, म्हणून आम्ही दुर्लक्ष केलं. हीच पहिली चूक. संध्याकाळी अंग कोमट व्हायचं. भूक गेली. शर्टाच्या कॉलरमधून मान बाहेर आल्यासारखी दिसायला लागली. मग एकदा रुमालावर रक्ताचा ठिपका बघितला आणि मी ह्यांना ओढत सरकारी टीबी अस्पतालात नेलं. स्पुटम तपासलं, म्हणजे खाकरून काढलेली थुंकी. पॉझिटिव्ह आलं, म्हणजे तिच्यात टीबीचे जंतू होते. डॉक्टर म्हणाले, रोज औषध, न चुकता, कित्येक महिने. आणि त्याच दमात म्हणाले की अस्पतालात सध्या साठा नाही.

बाजारातून तेवढं औषध घेणं माझ्या पगारात शक्य नव्हतं. तेव्हा कुणीतरी माताजींचा सेवाश्रम सुचवला, अन्नपूर्णेच्या देवळाच्या बाजूला.

माताजी म्हणजे साठीच्या आसपासची, ठेंगणी, जाड पांढऱ्या लुगड्यातली बाई. आवाज खणखणीत. मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्या एका म्हाताऱ्याच्या पाठीवरचे बेडसोर धूत होत्या, म्हणजे पडून पडून झालेल्या जखमा. तो वास मला दारात सहन होईना, आणि त्या त्याला दटावत होत्या, "हिल मत रे, वरना एक लगाऊँगी." म्हातारा हसत होता. मला बुवाबाबांचा तिटकारा आहे, पण ते हात बघून मी दारातून परत फिरले नाही, हे कबूल करायला हवं.

व्यापारी लोक औषधं दान देत आणि ती आश्रमात फुकट मिळत. ह्यांनी साफ नकार दिला. "मिल बंद झाली म्हणून मी काय हात पसरू?" मी समजावलं, रडले, भांडले. शेवटी माताजींनीच निरोप धाडला, "दवा नहीं है, प्रसाद है. प्रसाद को भी मना करोगे?" झालं! प्रसादाला नाही म्हणणारा माणूस आमच्या घराण्यात जन्माला यायचाय. हे गुरुवारच्या आरतीला जाऊन आले. पुडीत खडीसाखर, चिरौंजीदाणे म्हणजे साखरेचे पांढरे दाणे, आणि त्यातच आठवड्याच्या गोळ्या आणि लाल कॅप्सूल. आश्रमात मिलवाल्यांची रांगच लागायला लागली होती, ती ह्या युक्तीमुळेच. मलाही तेव्हा ती फार आवडली.

पहिले काही आठवडे झकास गेले. ताप गेला. सकाळी उठून पोहे मागायला लागले, वर सेवही हवी. आश्रमाचे मंत्रीजी, म्हणजे कारभार बघणारे गृहस्थ, येणाऱ्या-जाणाऱ्याला ह्यांच्याकडे बोट दाखवून सांगत, "देखिए, माताजी की कृपा." मग हळूहळू ताप परत आला, आणि आम्ही त्या एक्स-रेपर्यंत येऊन पोहोचलो.

तर डॉक्टरांनी एक्स-रे टेबलावर ठेवला आणि ह्यांना विचारलं, "पेशाब का रंग कैसा आता है?"

मला प्रश्न विचित्र वाटला. नंतर कळलं, त्या लाल कॅप्सूलमध्ये रिफॅम्पिसिन असतं, टीबीचं मुख्य औषध. ते घेतलं की लघवी नारिंगी होते. म्हणजे औषध पोटात गेलं की नाही, याचा तो घरबसल्या पुरावा.

"कभी-कभी नारंगी," हे म्हणाले.

"कभी-कभी? रोज़ आना चाहिए."

तर हे चक्क खुशीत म्हणाले, "साहब, गेट पर तो सबका आ रहा था. जिसने-जिसने लिया, सबका. हम लोग बोले, अंदर की गर्मी निकल रही है."

"जिसने क्या लिया?"

"प्रसाद. अब प्रसाद कोई अकेले थोड़े ही खाता है, साहब."

डॉक्टर खुर्चीत मागे टेकले. हळूहळू सगळं बाहेर आलं. हे पुडी घेऊन थेट गेटवर जात. लिंबाखाली पुडी उघडत. ज्याला खोकला जास्त त्याला कॅप्सूल, बाकीच्यांना गोळ्या, उरलेल्यांना खडीसाखर. स्वतःला कधी मिळे, कधी नाही. रामअवतार म्हणून ह्यांच्याच रांगेतला एक विणकर होता, त्याला सगळ्यात जास्त. तो बिचारा छातीवर हात ठेवून म्हणायचा, "भिया, आपके प्रसाद से आराम है." भिया म्हणजे भाऊ.

डॉक्टर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी शांतपणे समजावलं, "आधी-अधूरी दवा से कीटाणु मरता नहीं, सीखता है." याला रेझिस्टन्स म्हणतात. जंतूंना औषध पचायला लागतं आणि मग तेच औषध चालत नाही. ह्यांचा नव्याने, जास्त कडक उपचार करावा लागणार होता. आणि गेटवरच्या ज्या ज्या माणसाला खरोखर टीबी असेल, त्याचंही तेच झालं असणार होतं.

घरी आल्यावर मी जे तोंडाला आलं ते बोलले. हे खाली मान घालून ऐकत होते. मग म्हणाले, "ती माणसं समोर बसलेली. मी एकट्याने कसं खाऊ? माताजीसुद्धा असंच करतात ना, जे आलं ते वाटतात."

तिथे माझं डोकं अडकलं. खरंच होतं. आश्रमात औषध यायचं आणि आलं तसं वाटलं जायचं. कुणी किती घेतलं, कुणी काय केलं, हे विचारायची तिथे पद्धतच नव्हती. देणं झालं की पुण्य झालं.

दुसऱ्या दिवशी शाळेतून तशीच आश्रमात गेले. माताजी कुणाच्या तरी पायाला पट्टी बांधत होत्या. मी उभ्यानेच सगळं सांगितलं.

"बाँट दिया?" त्या म्हणाल्या. "दिल अच्छा है तेरे आदमी का."

"दिल अच्छा है, माताजी. फेफड़े में छेद हो गया है."

त्यांचा हात थांबला. मी म्हटलं, आणखीही लोक वाटत असतील. तुम्ही सगळ्यांसमोर सांगा, की हे औषध आहे, प्रसाद म्हटलं ती चूक झाली.

"दवा बोलूँगी तो ये मिलवाले आएँगे ही नहीं. और गलती बोलूँगी तो भरोसा जाएगा. भरोसा गया तो दान गया, दान गया तो ये पलंग कौन चलाएगा? तू?"

त्यांनी पट्टी पुन्हा हातात घेतली. मी तणतणत घरी आले, आणि पुढे कित्येक दिवस माझं त्यांच्याशी मनातल्या मनात भांडण चालू राहिलं. वर्गात पाढे घेताना, भाजी निवडताना, सगळीकडे. एवढी मोठी बाई, जिच्यापुढे शेटजी लोक जमिनीवर बसतात, तिला एक वाक्य बोलता येऊ नये?

वाक्य त्या बोलल्या नाहीत, पण गुरुवारच्या पुडीत फक्त खडीसाखर निघाली. नवा नेम जाहीर झाला. ज्यांना माताजी सांगतील त्यांनी रोज सकाळी यायचं आणि तीर्थासोबत गोळी घ्यायची. तीर्थ तुम्हाला माहीत आहे, तळहातावर घ्यायचं आणि तिथल्या तिथे प्यायचं. ते कुणी पुडीत बांधून नेत नाही. जो येणार नाही त्याच्या घरी सेविका तीर्थाचा तांब्या घेऊन हजर.

टीबीच्या डॉक्टरांना सांगितलं तर ते आधी हसले आणि मग म्हणाले, "यही तो हम चाहते हैं. सामने खिलाओ." त्यांनी आपला एक माणूस आश्रमात पाठवला, कुणाला कोणती गोळी आणि किती, ते बघायला. माझा राग मात्र वाढला. इलाज अचूक होता आणि लपवालपवी तशीच होती.

तोवर अस्पतालात साठा आला होता, आणि ह्यांचा नवा उपचार तिथेच सुरू झाला. गोळ्यांच्या जोडीला रोज स्ट्रेप्टोमायसिनचं इंजेक्शन. ते कंबरेत टोचत आणि ती बाजू दिवसभर ठणकत राही. या औषधाने कानाच्या आतल्या नसांवर परिणाम होऊ शकतो. ह्यांच्या कानात भुणभुण सुरू झाली, चालताना तोल जायला लागला. तुमच्याकडे असं झालं तर लाजू नका, लगेच डॉक्टरांना सांगा. आम्ही सांगितलं, तेव्हा त्यांनी मात्रा कमी करून दिली. शाळेच्या आधी मी ह्यांना टेंपोत, म्हणजे सवारीच्या मोठ्या रिक्षेत, घालून नेत असे. बाकावर प्रत्येकाच्या हातात थुंकायचा झाकणाचा डबा, आणि दोन माणसांमध्ये एका माणसाची जागा मोकळी. आपल्याला टीबी असूनही प्रत्येकाला शेजारच्याच्या टीबीची भीती. मला तिथे बसवत नसे, मी येरझाऱ्या घालायचे आणि कंपाउंडरची बोलणी खायचे.

आणि मग रामअवतार गेला.

त्याला खरोखरच टीबी होता, कधीपासूनचा, आणि त्याने तो लपवला होता. कळल्यावर त्याच्या भावाने त्याची खाट घराबाहेर काढली. माताजींनी त्याला आश्रमात नेलं, आपल्या हाताने खिचडी भरवली, पण त्याच्यावर कुठलंच औषध चालेना. त्याच्या डोक्यावर हात ठेवून त्याच बसल्या होत्या शेवटपर्यंत. ज्या हाताने ते लाल औषध प्रसाद म्हणून वाटलं, तोच हात. यातला कुठला हात खरा मानायचा, ते तुम्ही सांगा. मला जमलं नाही.

ह्यांना कळलं तेव्हा हे पानावरून उठले. "मीच दिलं त्याला," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चपला घातल्या तर हे भिंतीकडे तोंड करून पडलेले. "मला नाही यायचं. तो गेला आणि मी इंजेक्शनं घेऊ?" मी विनवण्या केल्या. डॉक्टरांना सांगितलं, तर ते म्हणाले, "बहनजी, अब अगर छूटी, तो मेरे पास तीसरी दवा नहीं है." तेसुद्धा शांतपणे. मी अस्पतालाच्या पायरीवर बसून रडले. कॅव्हिटीने नवऱ्याचं जे केलं नव्हतं, ते त्या एका विचाराने होत होतं.

मी किती समजावलं की चूक तुमची नाही. माझं ऐकतील तर ना! ज्याच्या हातून घेतलं, त्यानेच म्हणायला हवं होतं.

नेमकं तेव्हाच आश्रमाच्या नव्या खोल्यांचं उद्घाटन निघालं. मंत्रीजी आमच्या घरी आले. आतल्या खोलीत काय चाललंय याचा त्यांना पत्ताच नव्हता. "बहनजी, आप दो शब्द बोल दीजिए. कैसे माताजी की कृपा से भाईसाहब ठीक हुए." मी हो म्हटलं. माझा चेहरा त्यांनी नीट बघितला असता तर आमंत्रण परत घेतलं असतं.

आधी मी रामअवतारच्या बायकोकडे गेले. तिला सगळं सांगितलं, पुडीपासून. ती दळण निवडत होती, हात न थांबवता ऐकत राहिली. मी विचारलं, ही गोष्ट मी सगळ्यांसमोर बोलले तर चालेल का? तुमच्या माणसाचं नाव घेतलं तर?

"बोल दो," ती म्हणाली. "नाम लेके बोलना, बहनजी. 'एक मरीज़' मत बोलना."

उद्घाटनाला ह्यांना मी जबरदस्तीने उठवून नेलं. हे भिंतीला पाठ टेकून सगळ्यात मागे बसले. मंडप भरलेला होता, मिलवाले, शेटजी, छत्रीबागेतल्या बायका. माताजी पुढे सतरंजीवर. माझं नाव पुकारलं आणि मी माईकसमोर गेले.

मी कृपेबद्दल बोलले नाही. मी म्हटलं, मेरे पति ठीक नहीं हुए हैं. मग प्रसाद, पुडी, लाल कॅप्सूल, लिंबाचं झाड, सगळं. शेवटी रामअवतारचं नाव घेतलं, त्याच्या बापाच्या नावासकट. मंडपात कुजबुज वाढली. कुणीतरी ओरडलं, "पाप लगेगा, बाई!" मंत्रीजी लगबगीने आले आणि माईकला हात घातला.

"बोलने दे," माताजी म्हणाल्या.

मंत्रीजींचा हात तसाच राहिला. माताजी गुडघ्यांवर हात टेकून उठल्या. मला वाटलं माझ्याकडे येताहेत. पण त्या माझ्या बाजूने निघून गेल्या, लोकांमधून वाट काढत पार मागे, भिंतीपर्यंत. हे गडबडून उभे राहायला लागले, तर त्यांनी खांद्यावर हात दाबून खाली बसवलं. माईक नव्हता, पण सांगितलं ना, आवाज खणखणीत.

"सही बोल रही है. दवा मैंने दी, बिना समझाए दी. रामअवतार मेरी गलती से गया. तूने तो बाँट के खाया, बेटा. तेरा क्या दोष?"

हे लहान मुलासारखे हुंदके देऊन रडले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चपला शोधत होते तर हे दारात उभे. "चल, टेंपो निघून जाईल," म्हणाले.

माताजींना वाटत होती ती भीतीही खोटी नव्हती. काही शेटजींनी दान थांबवलं. नव्या खोल्यांपैकी काहींना बराच काळ कुलूप राहिलं, आणि कित्येक मिलवाले तीर्थाला यायचे बंद झाले. त्यांना शोधत मी आणि ती सेविका गल्लोगल्ली फिरलो. काही सापडले, काही नाही. शेजारच्या दोघी-तिघी माझ्याशी बोलेनाशा झाल्या, त्या अजून बोलत नाहीत.

ह्यांचं स्पुटम पुढे निगेटिव्ह आलं, म्हणजे थुंकीत जंतू दिसेनात. तरी डॉक्टरांनी सांगितलं तोवर गोळ्या चालूच ठेवल्या. बरं वाटलं म्हणून औषध थांबवू नका, हे मी पायावर डोकं ठेवून सांगेन. दान मिळालेलं औषध जरूर घ्या, पण ते काय आहे, किती घ्यायचं, हे तोंड उघडून विचारा. समोर कितीही मोठा माणूस असला तरी विचारा.

आता माताजी नाहीत. आश्रमात त्यांची मूर्ती बसवली आहे आणि लोक नवस बोलतात. त्या संत होत्या का? मला त्यांच्यामुळे ज्यांचं वाईट झालं अशी माणसं माहीत आहेत आणि त्यांच्यामुळे मायेचा हात डोक्यावर घेऊन मेलेलीही. हिशेब लावायला बसते आणि चिडून उठते. जिवंतपणी मी त्यांच्या पाया कधी पडले नाही, आता मूर्तीच्या तर नाहीच नाही. पण हे सकाळी अंगणात उभे राहून पेपर वाचतात, मोठ्याने, मला ऐकू यावा म्हणून. तेव्हा ती ठेंगणी बाई आठवते, भरल्या मंडपातून शेवटच्या भिंतीपर्यंत चालत गेलेली. माझे हात आपोआप जोडले जातात, आणि मी ते सोडवत नाही.